रोमेनिया, युक्रेन आणि युरोपाची अट : भ्रष्टाचारविरोधी कायदा नेमका कुठे पोखरला जातो?

बुखारेस्टकर

भ्रष्टाचारविरोधी कायदा म्हटलं की आपली चर्चा शिक्षेवर जाते. सात वर्षं की दहा, जामीन द्यावा की नाही, मालमत्ता जप्त करा वगैरे. मी काही वर्षं रोमेनियात राहते आहे. इथलं अख्खं राजकारण ज्या कायद्याभोवती फिरलं, त्यात शिक्षेवरून फारसं कुणी भांडलंच नाही. भांडण झालं ते वरून कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींवर. तपास करणाऱ्या सरकारी वकिलाला नेमणार कोण? त्याच्या हातातली फाइल कुणी काढून घेऊ शकतं का? किती रकमेच्या आत असलं तर गुन्हा धरायचाच नाही? खटला किती वर्षांनी मुदतबाह्य होतो? कायद्यात दम आहे की नाही ते इथेच कळतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

थोडी पार्श्वभूमी. रोमेनिया आणि बल्गेरिया 1 जानेवारी 2007 ला युरोपीय संघात आले. त्याआधी संघाच्या आग्रहामुळे रोमेनियाने 2000 साली लाचखोरीविरुद्ध वेगळा कायदा केला (क्रमांक 78) आणि 2002 मध्ये खास सरकारी वकिलांचं कार्यालय उघडलं. तेच पुढे राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी संचालनालय झालं. इथे सगळे त्याला डीएनए म्हणतात. सुरुवातीला ते नावापुरतंच होतं. मोनिका माकोवेई न्यायमंत्री झाल्या तेव्हा त्याला धार आली. तरीही संघाचा पुरता भरवसा नव्हता, म्हणून सदस्यत्व देतानाच चार अटींवर देखरेख लावली : न्यायदानाची प्रक्रिया सुधारणे, मालमत्ता आणि हितसंबंध तपासणारी संस्था उभारणे, वरच्या पातळीवरच्या भ्रष्टाचाराचा तपास, आणि स्थानिक प्रशासनातल्या भ्रष्टाचाराला आळा. ही देखरेख 15 सप्टेंबर 2023 ला औपचारिकरीत्या संपली. म्हणजे सोळा वर्षांहून जास्त चालली.

परिणाम दिसले. माजी पंतप्रधान आद्रियान नास्तासे 2012 मध्ये तुरुंगात गेले. 2013 पासून लाउरा कोद्रुत्सा कोवेशी डीएनएच्या प्रमुख होत्या. एकट्या 2015 मध्ये 1,200 हून अधिक आरोपींवर खटले दाखल झाले. महापौर, जिल्हा परिषदांचे अध्यक्ष, मंत्री, न्यायाधीश, सगळे त्यात होते.

आणि मग 31 जानेवारी 2017 ची रात्र. सरकारने रात्री उशिरा अध्यादेश काढला, क्रमांक 13. पदाच्या गैरवापरात सरकारचं नुकसान 2 लाख लेईपेक्षा कमी असेल तर तो फौजदारी गुन्हा नाही. हे साधारण 45 हजार युरो होतात. त्याच रात्री तो राजपत्रात छापूनही आला. आता सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष लिविउ द्राग्निया यांच्यावर तेव्हा चालू असलेला खटला पाहा. पक्षाचं काम करणाऱ्या दोन महिलांना जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयाच्या पटावर दाखवून पगार दिला, असा आरोप होता. नुकसान 1 लाख 8 हजार लेईच्या आसपास. मर्यादेच्या निम्म्याच्या जरा वर.

बर्फ पडलेला असताना लोक पियात्सा विक्तोरियेई चौकात जमले. मीही जात होते. माझ्या शेजारी उभी असायची ती बँकेत काम करणारी मुलगी अध्यादेशाचा छापील कागद घेऊन यायची आणि कुणी विचारलं की कलम वाचून दाखवायची. 5 फेब्रुवारीला देशभर मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं रस्त्यावर होती. त्याच दिवशी सरकारने अध्यादेश मागे घेतला. द्राग्निया यांना मे 2019 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा कायम झाली.

युरोपाने अट घातली म्हणून कायदा आला हे खरं. पण त्या रात्री तो वाचवला तो ब्रुसेल्सने नव्हे, कलम वाचलेल्या लोकांनी. इथल्या कायद्याच्या जाणकारांनी आणि सरकारी नोकरीत राहिलेल्यांनी लिहावं ही विनंती.


कायद्याचा_कीस

उत्तम धागा. एक बाजू मांडतो. रकमेची मर्यादा घालणं मुळात चूक नाही. एखाद्या ग्रामसेवकाने नियमबाह्य खरेदी केली, चार हजारांचं नुकसान झालं, तर त्याला विभागीय चौकशी पुरते, फौजदारी कोर्ट कशाला? बऱ्याच देशांत असा विचार आहे.

खोट आहे ती वेळेत आणि पद्धतीत. फौजदारी कायद्यात नवा कायदा सौम्य असेल तर त्याचा फायदा चालू खटल्यातल्या आरोपीलाही मिळतो, हे तत्त्व युरोपात पक्कं आहे. म्हणजे अशी मर्यादा एकदा अंमलात आली आणि काही काळानंतर रद्द झाली, तरी मधल्या काळाचा लाभ आरोपीला मागता येतो. सरकारने नंतर माफी मागून उपयोग नाही. अध्यादेश दहा दिवसांनी लागू होणार होता आणि त्याआधी मागे घेतला गेला, हे म्हणूनच महत्त्वाचं. उशीर झाला असता तर आंदोलन जिंकूनही खटले हरले असते.


बारदेसची

बुखारेस्टकरताई, तुम्ही 2017 बद्दल लिहिलंत, पण मला 2015 ची कोलेक्तिव क्लबची आग आठवते. आमच्याकडे गोव्यात हडफडेला डिसेंबर 2025 मध्ये क्लबला आग लागून 25 जण गेले. बहुतेक तिथे राबणारी पोरं, घर सोडून कामाला आलेली. आत आतषबाजी झाली हे सरकारनेच सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय, परवान्याच्या कागदावर सही कुणाची होती आणि ती का झाली. रोमेनियात त्या आगीनंतर कायद्यात काही बदललं का? जरा सविस्तर लिहाल?


बुखारेस्टकर

बारदेसची, हडफडेची बातमी इथल्या माझ्या रोमेनियन सहकाऱ्यांनीच मला आधी दाखवली. त्यांना लगेच कोलेक्तिव आठवलं.

30 ऑक्टोबर 2015. जुन्या कारखान्याच्या जागेतल्या क्लबमध्ये संगीताचा कार्यक्रम, आत फटाक्यांची कारंजी, भिंतीला आणि खांबांना आवाज शोषणारा स्वस्त फोम. फोमने पेट घेतला. अग्निशमन दलाची परवानगी नव्हती, तरी स्थानिक पालिकेने चालवण्याचा परवाना दिला होता. एकूण 64 जण गेले. त्यातले निम्म्याहून जास्त त्या रात्री नाही, पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत रुग्णालयांत गेले. "भ्रष्टाचार जीव घेतो" ही घोषणा तेव्हाची. पंतप्रधान व्हिक्तोर पोंता यांनी 4 नोव्हेंबरला राजीनामा दिला.

खरा धक्का 2016 मध्ये बसला. एका क्रीडा दैनिकाच्या पत्रकारांनी शोधून काढलं की रुग्णालयांना पुरवलं जाणारं जंतुनाशक पाणी घालून पातळ केलेलं होतं. बाटलीवर एक प्रमाण, आत त्याच्या कितीतरी कमी. आणि हे शेकडो रुग्णालयांत चालू होतं. भाजलेल्या माणसाची कातडी गेलेली असते, त्याला जंतुसंसर्गाशिवाय दुसरा मोठा शत्रू नसतो. त्याच्या खोलीची फरशी त्या पाण्याने पुसली जात होती. मला हे लिहितानाही राग येतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : अग्निसुरक्षेचे नियम लगेच कडक झाले, विनापरवाना जागा बंद झाल्या. पण या गुन्ह्यासाठी नवीन कलम लागलं नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटला चालला तो पदाच्या गैरवापराच्या जुन्याच कलमाखाली. 2017 च्या अध्यादेशाने नेमकं तेच कलम पातळ होणार होतं. आगीत गेलेल्यांचे आईवडील चौकात का येत होते ते यावरून समजेल. सहीच्या बदल्यात रोख दिल्याचा पुरावा मिळणं फार कठीण असतं. नियम डावलून सही केली हे मात्र कागदावर दिसतं. हे कलम काढलं की परवाना देणारा सुटतो.


निवृत्त_मंत्रालय

मी महाराष्ट्र शासनात अनेक वर्षं काढली. ताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाची दुसरी बाजू सांगतो, रागावू नका.

पदाच्या गैरवापराचं कलम मोघम असलं की प्रामाणिक माणूस सही करत नाही. फाइल फिरत राहते. "विधी व न्याय विभागाचे अभिप्राय घ्यावेत" असा शेरा मारून ती खाली जाते, पुन्हा वर येते, तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते. हे मी पाहिलेलं आहे. इटलीत अगदी याच कारणाने ऑगस्ट 2024 मध्ये हा गुन्हाच दंडसंहितेतून काढून टाकला. तिथल्या महापौरांचं म्हणणं होतं की आम्ही सहीला घाबरतो, खटले खूप होतात आणि शिक्षा क्वचितच होते. युरोपीय आयोगाने 3 मे 2023 ला नव्या भ्रष्टाचारविरोधी निर्देशाचा जो मसुदा मांडला, त्यात पदाचा गैरवापर हा प्रत्येक सदस्य देशाने गुन्हा ठेवावा असं होतं. इटलीने त्याला विरोध केला. डिसेंबर 2025 मध्ये तडजोड झाली ती निदान काही गंभीर उल्लंघनं तरी गुन्हा धरावीत, इतपत.

आपल्याकडे 2018 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक कायदा बदलला तेव्हा कारण हेच दिलं होतं. 1988 च्या कायद्यातलं 13(1)(ड) हे कलम गेलं. त्यात लाच घेतल्याचं सिद्ध न होताही, अधिकाऱ्याने पदाचा वापर करून दुसऱ्याला लाभ मिळवून दिला तर तो अडकत होता. काढलं ते बरं झालं, असं माझं मत होतं आणि आहे.

पण त्याच वेळी 17अ हे कलम आलं, आणि तिथे मात्र माझं मन कचरतं. अधिकाऱ्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी सुरू करायलाच सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. लाच घेताना जागीच पकडलं तर ही परवानगी लागत नाही. याचा अर्थ नीट बघा. तलाठ्याला सापळ्यात धरायला परवानगी नको. तक्रारदार येतो, नोटांना पावडर लावतात, दोन पंच बरोबर घेतात, नोटा हातात पडल्या की इशारा, मग तलाठ्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. तिथे केस पक्की. पण शेकडो कोटींच्या निविदेत अटी कुणासाठी वाकवल्या हे बघायचं असेल तर आधी वरच्यांना विचारा. आणि दोन्ही ठिकाणी तपास पूर्ण झाल्यावर कलम 19 खाली अभियोग मंजुरी वेगळीच. प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण हवं, ते मी मागतोच आहे. पण ते संरक्षण ज्याच्या सहीने मिळतं, तो माणूस त्याच साखळीतला नसावा.


कायद्याचा_कीस

काका, शेवटचं वाक्य सगळ्या धाग्याचं मर्म आहे. सहीच्या भीतीवर उपाय म्हणजे कलमाची व्याख्या नेमकी करणं : कुठला लिखित नियम मोडला, हेतू काय, लाभ कुणाला. चौकशीच्या दारावर शासनाचाच पहारेकरी बसवणं हा उपाय नव्हे. रोमेनियाच्या संविधान न्यायालयाने 2016 मध्ये पदाच्या गैरवापराचा अर्थ असाच आवळला होता, "कायदा मोडून" केलेलं कृत्य एवढाच. तो रस्ता मोकळा होता. सरकारने अध्यादेशाचा निवडला.


उदयाचल

सगळं मान्य, पण मला एक खटकतं. सार्वभौम देशाने आपला फौजदारी कायदा बाहेरच्यांच्या अटीवर का बदलावा? आज भ्रष्टाचार, उद्या दुसरं काही. युक्रेनवर तर सरळ पैशाचा दबाव आहे. लोकांनी निवडून दिलेली संसद मोठी की ब्रुसेल्समधला अधिकारी?


पूर्वेकडची_खिडकी

उदयाचल, प्रश्न रास्त आहे. मी युक्रेन बरंच वाचते, म्हणून त्याचं उदाहरण घेऊन उत्तर देते. सोपं उत्तर नाही हे आधीच सांगते.

युक्रेनमध्ये 2014 च्या उठावानंतर तीन वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. तपासासाठी राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी ब्यूरो (नाबू), खटला चालवण्यासाठी विशेष अभियोक्ता कार्यालय (सापो), आणि निकालासाठी उच्च भ्रष्टाचारविरोधी न्यायालय. हे न्यायालय सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालं. त्याचे न्यायाधीश निवडताना परदेशी तज्ज्ञांचं मंडळ बसवलं होतं आणि संशयास्पद उमेदवार अडवण्याची ताकद त्या मंडळाला होती. सार्वभौमत्वाला धक्का? एका अर्थी हो. पण जुन्या न्यायालयांत खटले वर्षानुवर्षं कुजत होते, आणि हे परकं मंडळ हवं असं म्हणणारे सगळ्यात आग्रही लोक युक्रेनमधलेच होते. मे 2023 मध्ये नाबूने थेट सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांना 27 लाख डॉलरच्या लाचेच्या प्रकरणात अटक केली. सोफ्यावर रचलेल्या डॉलरच्या गड्ड्यांचा फोटो ब्यूरोनेच प्रसिद्ध केला.

आता 22 जुलै 2025. संसदेने एका दिवसात विधेयक मंजूर केलं, 263 मतांनी. त्यानुसार नाबू आणि सापो दोन्ही महाअभियोक्त्याच्या हाताखाली गेल्या. महाअभियोक्ता फाइल मागवू शकणार, दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकणार, वरिष्ठांवरचा तपास बंदही करू शकणार. आणि त्याला नेमतो राष्ट्राध्यक्ष, संसदेच्या संमतीने. झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी सही केली. शिक्षा एका दिवसाने कमी झाली नाही, एकही गुन्हा रद्द झाला नाही, आणि तरी सगळी यंत्रणा लुळी पडली. बुखारेस्टकर म्हणतात ते हेच.

त्याच रात्री कीव, ल्विव, द्निप्रो, ओदेसा इथे लोक बाहेर पडले. युद्ध सुरू झाल्यापासून सरकारच्या विरोधातलं हे पहिलं मोठं आंदोलन. रोज रात्री ड्रोन येतात त्या शहरात वीस-बावीस वर्षांची मुलं खोक्याच्या पुठ्ठ्यावर हाताने मजकूर लिहून उभी होती. कित्येकांचे भाऊ, वडील आघाडीवर. युरोपानेही दटावलं आणि मदतीतला काही हिस्सा अडवला. 31 जुलैला संसदेने 331 मतांनी संस्थांची स्वायत्तता परत दिली.

नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत कायदा मागे घेतला गेला नसता तर पुढचं घडलं असतं का, याचा विचार करा : नोव्हेंबर 2025 मध्ये नाबूने सरकारी अणुऊर्जा कंपनीच्या कंत्राटांतल्या सुमारे 10 कोटी डॉलरच्या लाचखोरीचा तपास उघड केला. ज्यांची नावं आली त्यांत राष्ट्राध्यक्षांचा जुना व्यावसायिक भागीदार होता. दोन मंत्र्यांना जावं लागलं आणि महिनाअखेरीस राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या प्रमुखाने राजीनामा दिला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, खटले चालतील. पण हिवाळ्यात वीज जात असताना ऊर्जा क्षेत्रातला पैसा कुणी खाल्ला हे विचारण्याची सोय देशात शिल्लक राहिली, ती त्या पुठ्ठेवाल्या मुलांमुळे.

तेव्हा संसद मोठी की ब्रुसेल्स, असा सामना मला दिसत नाही. संसद एका बाजूला, नागरिक दुसऱ्या बाजूला, आणि नागरिकांच्या हातात युरोपाची अट हे एक हत्यार.


उदयाचल

सविस्तर उत्तराबद्दल आभार. बरंचसं पटलं. पण इतकी स्वायत्त संस्था उद्या स्वतःच मातली तर? तिला कोण आवरणार? त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.


बुखारेस्टकर

उदयाचल, ही शंका रोमेनियात खरी ठरली आहे, म्हणून टाळत नाही. डीएनए आणि गुप्तचर संस्था यांच्यात गोपनीय करार होते. फोनवरचं संभाषण ऐकण्याचं तांत्रिक काम गुप्तचर संस्था करत होती. 2016 मध्ये संविधान न्यायालयाने त्याला आधार नसल्याचं म्हटलं आणि 2018 मध्ये ते करार जाहीर झाले. ज्या देशाने हुकूमशहा चाउशेस्कुच्या काळात घराघरात कान लावलेले पाहिले, तिथे याचा किती संताप झाला असेल! माझ्या ओळखीतले, चौकात उभे राहिलेलेही, त्यावरून दुखावले गेले. असा पुरावा बाद व्हायलाच हवा.

पण आवरण्याची रीतही पाहावी लागते. 2018 मध्ये कोवेशी यांना पदावरून काढलं. त्यांनी दाद मागितली आणि 5 मे 2020 ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की त्यांना काढताना दाद मागायचा मार्गच ठेवला नव्हता आणि त्यांच्या अभिव्यक्तीच्या हक्काचाही भंग झाला. तोवर त्या युरोपीय संघाच्या पहिल्या मुख्य अभियोक्ता झाल्या होत्या. माझं उत्तर असं : संस्थेच्या प्रत्येक कृतीवर न्यायालय हवं, प्रमुखाला ठरावीक मुदत हवी, काढायचं तर लेखी कारणं आणि सुनावणी हवी. मंत्र्याच्या मर्जीवर काहीच नको.

आता चौथी गोष्ट, मुदतीची, जी सगळ्यांत कमी दिसते आणि ज्यात सगळ्यांत जास्त नुकसान झालं. इथे गुन्हा ठरावीक वर्षांनी मुदतबाह्य होतो, पण तपासात एखादी कारवाई झाली की मोजणी पुन्हा शून्यापासून. 2018 मध्ये संविधान न्यायालयाने म्हटलं की "कुठलीही कारवाई" हे शब्द फार मोघम आहेत, संसदेने नीट लिहावं. संसदेने चार वर्षं एक ओळ लिहिली नाही. मे 2022 मध्ये न्यायालयाने पुढचा निकाल दिला : मधल्या काळात मोजणी पुन्हा सुरू करणारी तरतूदच अस्तित्वात नव्हती. सरकारने त्याच महिन्यात दुरुस्ती केली, पण कायद्याचा_कीस यांनी वर सांगितलेलं सौम्य कायद्याचं तत्त्व इथे लागू झालं आणि जुन्या खटल्यांतले आरोपी एकामागून एक सुटले. निर्दोष ठरून नव्हे, मुदत संपली म्हणून. 24 जुलै 2023 ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की संविधान न्यायालयाचे हे निकाल बाजूला ठेवणं बंधनकारक नाही, पण संघाच्या पैशाला गंभीरपणे झळ लागणाऱ्या प्रकरणांत सौम्य कायद्याचं तत्त्व लावून 2018 च्या निकालाआधीच्या कारवायांनी पुन्हा सुरू झालेली मोजणी रद्द धरू नका. त्यावरून न्यायालयांत अजून वाद आहेत.

2017 च्या अध्यादेशाविरुद्ध लाखो लोक आले, कारण तो एका रात्रीत आला. 2018 ते 2022 मध्ये कुणीच आलं नाही, कारण काही घडतच नव्हतं. न केलेल्या दुरुस्तीविरुद्ध मोर्चा कसा काढणार?


निवृत्त_मंत्रालय

हे मला ठाऊक नव्हतं, आणि वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे मोठे गुन्हे तसे मुदतबाह्य होत नाहीत, पण खटला वीस वर्षं चालतो, पंच वारतात किंवा फितूर होतात, मूळ फाइल सापडत नाही. ताई, सध्या तिथे काय स्थिती आहे?


बुखारेस्टकर

काका, डिसेंबर 2025 मध्ये इथल्या शोधपत्रकारांनी न्यायव्यवस्थेवरच चित्रफीत केली. मोठे खटले लांबवून मुदतीपार कसे नेले जातात आणि बोलणाऱ्या न्यायाधीशांवर दबाव कसा येतो, हे त्यात काम करणाऱ्यांच्याच तोंडून आलं. लोक पुन्हा बाहेर पडले आणि शेकडो न्यायाधीश व अभियोक्त्यांनी चित्रफितीत बोललेल्या सहकाऱ्यांच्या बाजूने सह्यांचं पत्र काढलं. आता मागणी मुदतीच्या कलमांची आणि न्यायाधीशांच्या बढत्या-बदल्यांच्या नियमांची आहे. नव्या युरोपीय निर्देशाप्रमाणे सदस्य देशांना आपापले कायदे तपासावे लागतील. त्यात मुदतीबद्दल किमान वर्षं ठरवलेली आहेत. रोमेनियाचं दुरुस्ती विधेयक आलं की मुदतीची आणि फाइल काढून घेण्याची कलमं मराठीत इथे टाकते. कायद्याचा_कीस, तेव्हा तुम्ही ओळ न ओळ तपासून द्या.